त्यांचं पान, आपला पाव

आपण पान वाढतो ते जेवणाचं. स्पेनमध्ये 'पान' मागितलं की पाव येतो. दोन शब्दांचं नातं काहीच नाही. आपलं पान 'पर्णा'तून आलं, त्यांचं लॅटिन 'पानिस'मधून. तरी दोघं पंगतीतच भेटतात, याचा मला स्पॅनिश शिकताना फार आनंद झाला होता.

पान म्हणजे पाव, हा अर्थ पहिल्याच धड्यात कळतो. पुढचे अर्थ माणसांत बसल्यावर कळतात. आपण ज्याला देवमाणूस म्हणू, तो त्यांच्याकडे 'उन पेदाथो दे पान', पावाचा तुकडा. हातचा मळ असलेलं काम म्हणजे 'खाल्लेला पाव'. संपता संपत नाही अशी गोष्ट 'पावाविना दिवसाएवढी लांब'. घरात मूल जन्मलं की ते काखेत पाव घेऊन आलं म्हणतात. त्याच्या पायगुणानं घरात बरकत येणार, ही आशा. आणि प्रेमात पडलेली दोघं एकमेकांना म्हणतात, 'कोंतिगो, पान इ थेबोया': तू असलीस की पाव-कांदाही चालेल. गोरोस्तिसा या मेक्सिकन नाटककाराच्या १८३३ मधल्या नाटकाचं नावच हे आहे. आपल्या कांदा-भाकरीला इतकं सख्खं भावंड दुसऱ्या भाषेत मला सापडलेलं नाही.

हे वाक्प्रचार नुसती शब्दांची हौस नाहीत. पाव खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, नवा पाव कापण्याआधी त्यावर सुरीनं क्रुसाची खूण करायची, पालथा पडलेला पाव सुलटा करायचा, हे जुन्या पिढीतल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं. अन्नाला पाय लागला की हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यात भुकेचीही आठवण आहे. यादवी युद्धानंतर १९३९ पासून १९५२ पर्यंत स्पेनमध्ये शिधापत्रिकेवर धान्य मिळे, आणि 'काळा पाव' हा शब्द त्या वर्षांची खूण होऊन बसला. पावाविना दिवस किती लांब असतो, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

आपला पाव याच कुळातला. पायानं तुडवून मळतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, या दोन्ही सांगोवांगीच्या गोष्टी. 'पानिस'चं पोर्तुगीज रूप 'पांव' गोव्यात उतरलं, आणि सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पोदेरही त्याच भाषेतल्या 'पादेइरो'वरून आला. याहून आश्चर्याचा आहे स्पॅनिशमधला 'कोम्पान्येरो', सोबती. मुळात ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो. आपण दिवसातून दहादा म्हणतो ती 'कंपनी'देखील याच मुळातून, फ्रेंच आणि इंग्रजीमार्गे आलेली.

पाव वाटून खाण्याचा हा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर 'मिगास' पाहावेत. मिगा म्हणजे पावाचा आतला मऊ गर. धनगरांचं हे खाणं: शिळा पाव कुस्करायचा, पाण्याचा हबका मारून रात्रभर ठेवायचा, सकाळी लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतत राहायचा, कणन् कण सुटा होईपर्यंत. दोघांचं चांगलं जमतं हे सांगायला स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'ते चांगले मिगास करतात'. कढई मधोमध ठेवलेली, माणसं भोवती उभी. ज्याची त्याची बाजू ठरलेली. एकानं पुढं यायचं, एक चमचा घ्यायचा आणि एक पाऊल मागं सरायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा होते.