अमरांना प्रतिमा कशाला?

मुलांनो, थोर माणूस गेला की त्याची आठवण राहावी म्हणून लोक पुतळा उभारतात. मग ज्यांना म्हातारपणाचे मरणच नाही, ते प्रतिमा कशासाठी घडवत असतील?

टॉल्कीन या इंग्रज लेखकाच्या ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या पुस्तकात एल्फ नावाचे लोक आहेत. ते वयाने थकून मरत नाहीत. मात्र लढाईत मारले जाऊ शकतात. त्यांनी पूर्वी दोन तेजस्वी वृक्ष पाहिले होते. एकाचा प्रकाश सोनेरी, तर दुसऱ्याचा रुपेरी. शत्रूने ते वृक्ष नष्ट केले. पुढे राजा तुर्गोन याने डोंगरांच्या आड गोंडोलिन नगर वसवले. तेथे त्याने स्वतः त्या वृक्षांच्या प्रतिमा घडवल्या. एक सोन्याची, दुसरी चांदीच्या फुलांची.

पाहा, राजा जिवंत होता. गेले होते ते त्याचे आवडते वृक्ष! जो फार जगतो, त्याला फार गमवावे लागते. शिवाय नगरात असेही पुष्कळ होते, ज्यांनी ते वृक्ष कधी पाहिलेच नव्हते.

पण राजा त्या सुंदर नगरात गुंतला. नगर सोडण्याचा इशारा त्याने मानला नाही. शेवटी नगर पडले आणि राजाही मारला गेला. म्हणून आठवण जरूर जपावी. तिच्यात अडकून मात्र पडू नये.