विश्लेषण : विज्ञानकथा वाचायची, पण सुरुवात कुठून?

बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावात विज्ञानकथेची गोडी लागलेल्या वाचकाला आधी पुस्तकाचे नाव कळावे लागते. ते बहुधा दुसऱ्या वाचकाकडूनच कळते.

लेखकाचे नाव पाहून निवड करावी का?
१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. जयंत विष्णू नारळीकरांची होती. त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. बक्षीस मिळाले ते कथेला, नावाला नव्हे. पुस्तक सुचवतानाही हीच कसोटी लावावी.

पहिले पुस्तक कोणते?
कथा आवडत असतील तर नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह, कादंबरी हवी असेल तर ‘प्रेषित’. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आहेतच.

शिफारस कशी करावी?
नुसते ‘छान आहे’ म्हणून भागत नाही. कथेत विज्ञान कोणते, कल्पनेची झेप कुठे, कोणत्या वयाला झेपेल, हे सांगावे. शेवट मात्र सांगू नये.

त्याने काय साधते?
जुनी पुस्तके दुकानात सहज मिळत नाहीत. ग्रंथालयात प्रत असली तरी कुणी मागितल्याशिवाय ती कपाटाबाहेर येत नाही. मागायला नाव ठाऊक हवे. ते आधीच्या वाचकाने सांगायला हवे.