कागदावरचा कॅम आणि इंजिनातला कॅम

१९५१ साली ऑस्टिनच्या ए-३० या छोट्या गाडीत ८०३ सीसीचं एक साधं इंजिन आलं. त्याचं नाव ए-सिरीज. २००० साली शेवटची जुनी मिनी कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हाही तिच्या बॉनेटखाली याच घराण्याचं १२७५ सीसीचं इंजिन होतं. मिनी कूपर एसनं १९६४, १९६५ आणि १९६७ची माँटे कार्लो रॅली याच घराण्याच्या इंजिनावर मारली. आपल्या जुन्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच कंपनीचं आणि त्याच धाटणीचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्याला फिरवणारी चेन पुढे, वर टॅपेट, पुश रॉड, रॉकर आणि व्हॉल्व्ह. ज्यानं अँबेसेडरचं इंजिन उघडलेलं पाहिलंय त्याला इथे काहीच अनोळखी वाटणार नाही.

अशा इंजिनाचा स्वभाव ठरवतो तो कॅम. साध्या ८४८ सीसी मिनीचं टायमिंग ५, ४५, ४०, १० असं लिहितात. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ५ अंश आधी इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन खालून परत फिरल्यावर ४५ अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ४० अंश आधी उघडतो, वरच्या टोकानंतर १० अंशांनी मिटतो. हे सगळे अंश क्रँकचे. म्हणजे इनलेट एकूण २३० अंश उघडा, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात ते १५ अंश. पहिल्या ९९७ सीसी कूपरमध्ये हेच आकडे १६, ५६, ५१, २१ झाले. इनलेट २५२ अंश, दोन्ही एकत्र उघडे ३७ अंश.

इंजिन जोरात फिरत असताना आत धावणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला वेग असतो. पिस्टन वर निघाला तरी ते आत घुसत राहतं, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटणं फायद्याचं. हळू फिरताना तो वेगच नसतो. तेव्हा वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. पिकअप मरतो, आयडलिंग अडखळतं.

ए-सिरीजची आणखी एक अडचण आहे. चार सिलिंडरांना इनलेटची दारं दोनच: एक पहिल्या-दुसऱ्याचं, एक तिसऱ्या-चौथ्याचं. फायरिंग १-३-४-२ असल्यामुळे दुसरा सिलिंडर हवा ओढून संपवायच्या आतच शेजारचा पहिला ओढायला लागतो. साध्या कॅमवर हे दोघं ५० अंश एकाच दारातून ओढतात, कूपरच्या कॅमवर ७२ अंश, आणि २८६ अंशांच्या कॅमवर १०६. म्हणूनच या इंजिनासाठी आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना वेगवेगळं टायमिंग देणारे कॅमही बनवले गेले. दुसऱ्या इंजिनावर गोड चालणारा आकडा इथे तसाच चालेल, असं मानू नये.

केंट कॅम्सचे २६६, २७६, २८६ हे या इंजिनासाठी फार वापरले जाणारे कॅम. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत मी २६६च्या पुढे जाणार नाही. मोठा कॅम व्हॉल्व्ह उशिरा मिटवतो, म्हणजे कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं, स्प्रिंगा बदलाव्या लागतात, आणि शहरातल्या रहदारीत ती सगळी ताकद वापरायची संधीच येत नाही. नुसती व्हॉल्व्हची लिफ्ट जास्त हवी असेल तर १.५ पटीचे रॉकर बसवावेत. मूळचे साधारण सव्वापटीचे असतात.

आता मोजमाप, कारण खरं काम इथेच आहे. कॅटलॉगमधला ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश, प्रत्येक कंपनी आपापल्या लिफ्टपासून मोजते. दोन कॅमांची तुलना करायची तर दोन्ही एकाच लिफ्टवर, बहुधा १.२७ मिलिमीटरवर, मोजलेले हवेत. मायक्रोमीटरनं लोबची उंची घेऊन त्यातून गोल भागाचा व्यास वजा केला की लिफ्ट मिळते. पण मोठ्या कॅमचा लोब इतका रुंद पसरतो की मोजायला पूर्ण व्यास शिल्लकच राहत नाही. तिथे टॅपेटवर टेकवलेल्या डायल गेजवरच विश्वास ठेवावा.

बसवल्यानंतर क्रँकवर डिग्री व्हील लावायचं. पिस्टन वरच्या टोकाशी काही अंश जवळजवळ हलतच नाही, म्हणून टोक नजरेनं ठरवू नये. टोकाच्या दोन्ही बाजूंना गेजवर सारखाच आकडा दाखवणाऱ्या जागा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. इनलेटची पूर्ण लिफ्टही अशीच शोधायची. क्रँक कायम इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवायचा, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजमापात शिरतो. वर दिलेल्या दोन्ही कॅमांची पूर्ण लिफ्ट टोकानंतर ११० अंशांवर यायला हवी: ड्युरेशनच्या निम्म्यातून आधी उघडण्याचे अंश वजा केले की हाच आकडा येतो. गेज ११४ सांगत असेल तर कॅम चार अंश मागे आहे. खुणा जुळल्या म्हणून टायमिंग जुळलं असं होत नाही. ऑफसेट चावी किंवा व्हर्निअर पुली लावून ते चार अंश परत मिळवायचे. मग पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हातानं फिरवायचं आणि व्हॉल्व्हला जागा किती उरते ते पाहायचं.

नव्या कॅमसोबत टॅपेट नवेच हवेत. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबशी घासून बसलेला असतो, नव्या लोबचा तो थोड्याच वेळात चुरा करतो. लोबना असेंब्लीचं वंगण भरपूर लावावं, तेल झिंकयुक्त घ्यावं, आणि इंजिन सुरू होताच आयडलिंगला न सोडता वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वरच ठेवावं. त्यासाठी इग्निशन, कार्ब्युरेटर आणि कूलंट स्टार्टर मारायच्या आधीच नीट लावून ठेवलेले असले पाहिजेत.