खुराड्याची राखण

चेन्नईतील एग्मोर म्हटले की रेल्वे स्थानक, वस्तुसंग्रहालय आणि कचेऱ्या यांचीच आठवण होते. परंतु तेथे जुनी झाडे आहेत, घरांचे माळे आहेत, गटारे आहेत, जवळून वाहणारी कूवम नदी आहे; आणि जेथे आडोसा आहे तेथे वन्य जीवही आहेत. एडवर्ड बाल्फोर यांनी १८५५ साली येथील वस्तुसंग्रहालयाच्या आवारात प्राणिसंग्रह सुरू केला. तो पुढे स्थलांतर करीत १९८५ साली वंडलूरला गेला. पिंजऱ्यातील प्राणी गेले; पिंजऱ्याबाहेरचे राहिले. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाची त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा पहाटे, खुराड्याचे दार उघडल्यावर.

अशा वेळी संताप येणे स्वाभाविक आहे. तथापि चौकशीपूर्वी शिक्षा नाही, हा न्यायाचा नियम येथेही पाळला पाहिजे. दिवसाढवळ्या पिल्लू नाहीसे झाले तर संशय घारीवर किंवा कावळ्यावर जातो. अंडी मागमूस न ठेवता गेली तर ती बहुधा सापाने अखंड गिळलेली असतात. मुंगूस मात्र कवच फोडून तेथेच टाकते. जमीन पोखरून वाट पाडलेली दिसली तर घूस ओळखावी. वरून, छपराच्या फटीतून रात्री उतरणारे जनावर बहुधा उदमांजर असते.

कधी कधी एकाच रात्री सर्व कोंबड्या मारलेल्या आढळतात आणि खाल्लेली मात्र एखादीच असते. याला आपण क्रौर्य म्हणतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा अतिरिक्त हत्येचा विचार मांडला. भक्ष्य पळून जाऊ शकत नाही, तेथे शिकाऱ्याची झडप घालण्याची प्रेरणा थांबत नाही. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून ती जागची हलत नाही; आणि खुराडे तिला पळू देत नाही. म्हणजे जे घर आपण संरक्षणासाठी बांधले, तेच कच्चे राहिले तर सापळा ठरते.

विष घालणे हा सोपा वाटणारा उपाय सर्वांत घातक आहे. ते शेजाऱ्याचे मांजर, घुबड आणि क्वचित मूलही ओळखत नाही. शिवाय धामण आणि मुंगूस उंदीर-घुशींचा फडशा पाडतात. त्यांना मारले तर अंडी आणि पिल्ले पळविणारी घूसच माजते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, उदमांजर व धामण यांना संरक्षण दिले असून, त्यांना मारणेच नव्हे, तर पकडणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय.

तेव्हा उपाय खुराड्याचाच. षट्‌कोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवीत नाही. तिच्याऐवजी अर्ध्या इंचाच्या घरांची, जोडकाम केलेली जाड तारेची जाळी लावावी. खणणारे जनावर भिंतीला लागूनच खणू लागते. म्हणून जाळीची कड बाहेरच्या बाजूस दीड फूट जमिनीवर पसरून मातीने झाकावी. छपराला फट नसावी, दाराला कडी-कोयंडा असावा आणि उरलेले दाणे रात्री उचलून ठेवावेत, कारण दाण्याच्या मागे उंदीर येतो आणि उंदराच्या मागे साप. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात बिळांत पाणी शिरते. तेव्हा ही दक्षता दुप्पट हवी.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. चेन्नईचा सूर्यास्त वर्षभरात सुमारे एका तासाच्या अंतरातच मागेपुढे होतो, आणि कोंबड्या अंधारताच आपण होऊन बसतात. त्या बसल्या की मोजाव्यात आणि दार लावावे. हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावे. कारण जे काम सर्वांचे असते, ते एखाद्या संध्याकाळी कोणाचेच राहत नाही, आणि नुकसान व्हायला तेवढी एक संध्याकाळ पुरते.