तीव्र वक्ष लक्षणसमूह (सिकलसेल)
तीव्र वक्ष लक्षणसमूह ही सिकलसेल आजारातील फुफ्फुसांची गंभीर गुंतागुंत असून प्रौढ रुग्णांच्या मृत्यूचे ती एक प्रमुख कारण आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रात नवी छाया आणि जोडीला ताप, खोकला, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी लक्षण आढळल्यास निदान होते. प्रौढांमध्ये ती अनेकदा हाडांच्या वेदनांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी उद्भवते. म्हणून पहिल्या दिवशीच्या निर्दोष क्ष-किरण चित्रावर विसंबता येत नाही.

जंतुसंसर्ग किंवा अस्थिमज्जेतून रक्तात उतरलेले मेदकण यांमुळे ती होते. पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही, त्यामुळे प्रतिजैविके सरसकट दिली जातात. रक्तातील प्राणवायू घटल्यास तो पुरवतात. वेदनाशमन मात्र नाजूक असते: ते अपुरे पडल्यास रुग्ण खोल श्वास घेत नाही, तर मॉर्फिन अधिक झाल्यास श्वसन मंदावते. शिरेतून जादा द्रव दिल्यास फुफ्फुसांत पाणी साचते.

रक्त देतानाही हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण रक्त दाट होऊन प्रवाह अडतो. प्रकृती ढासळत असल्यास रक्तविनिमय करून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली आणतात. हायड्रॉक्सियुरियाच्या नियमित सेवनाने अशा प्रसंगांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील चाचणीत दिसले.