पेवात लोह किती उरलंय?

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. गंगेच्या पाण्यापासून वर लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे जाणाऱ्या त्याच्या दगडी पायऱ्यांवर एखादी धावपटू मुलगी पहाटे चढ-उताराचा सराव करते आहे, असं समजा. तिचं पाऊल दगडावर आदळतं तेव्हा तळव्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या क्षणभर चेपल्या जातात आणि त्यातून चाललेल्या काही तांबड्या पेशी जागीच फुटतात. तिला काहीच कळत नाही. पेशीतून सांडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तातल्या रक्तात उचलतं आणि यकृताकडे पोचवतं, म्हणजे त्यातलं लोह वाया जात नाही. मात्र मार बराच वेळ चालू राहिला तर हे प्रथिन अपुरं पडतं आणि उरलेलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर जातं. 1881 साली फ्लायशर नावाच्या डॉक्टरने एका जर्मन सैनिकाची अशी नोंद केली होती. लांब पल्ल्याची कवायती चाल झाली की त्या सैनिकाला गडद रंगाची लघवी व्हायची.

खेळाडूच्या शरीरातून लोह जाण्याची ही एक वाट झाली. घामातून थोडं जातं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शरीर रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळवतं, आतडी उपाशी राहतात आणि तिथूनही रक्त झिरपतं. मुलींच्या बाबतीत दर महिन्याची पाळी असते. त्यात सरासरी 30 ते 40 मिलीलिटर रक्त जातं आणि प्रत्येक मिलीलिटरबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं.

एवढ्याशा मिलिग्रॅमांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याइतकं. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरतो. अस्थिमज्जा अशा पेशी सेकंदाला सुमारे 20 लाख तयार करते. हा वाचताना थांबून विचार करावा असा आकडा आहे. एवढ्या कारखान्याला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं, आणि जेवणातून आपण जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेतो. बाकीचं सगळं जुन्यातून येतं. 120 दिवस जगून थकलेल्या पेशी प्लीहेत मोडल्या जातात आणि त्यांचं लोह पुन्हा कामाला लागतं. आज तुमच्या रक्तात फिरणारा लोहाचा अणू याआधी कितीतरी पेशींमध्ये राहून आलेला असतो.

इतक्या काटकसरीच्या व्यवहारात रोजची थोडी जास्त गळतीही काही महिन्यांत जाणवायला लागते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यांना पाहून गावोगावच्या मुली मैदानावर उतरल्या. आणि याच महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्या पाहणीत बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजलं होतं. बोटाच्या थेंबात आणि शिरेतून काढलेल्या रक्तात आकडा थोडा वेगळा येतो, त्यामुळे या टक्केवारीवर तज्ज्ञांचे वाद आहेत. पण मला खरी काळजी वाटते ती पाहणीत ज्या ‘ठीक’ ठरल्या त्यांची. कारण हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं.

लोह कमी पडू लागलं की शरीर आधी साठ्याला हात घालतं. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथला साठा रिकामा होत जातो आणि या सगळ्या काळात हिमोग्लोबिन जागेवर असतं. मग रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन अर्धंमुर्धं रिकामं फिरू लागतं. तेही पुरेनासं झालं की नव्या पेशी खुज्या आणि फिक्या निघतात, आणि तेव्हा कुठे ‘एचबी कमी आहे’ असं रिपोर्टवर उमटतं. तोवर मुलीचा हंगाम वाया गेलेला असतो. प्रशिक्षक म्हणतात मन लावत नाही, घरचे म्हणतात झोप पुरत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला, 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. हिमोग्लोबिन व्यवस्थित पण साठा रिकामा अशा तरुणींना निवडून सहा आठवडे काहींना लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. सराव सगळ्यांनी केला. लोह मिळालेल्यांची 15 किलोमीटर सायकलिंगची वेळ जास्त सुधारली. स्नायूंमधलं मायोग्लोबिन आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा यांनाही लोह लागतंच; ते त्यांना मिळेनासं झालं तर हिमोग्लोबिनच्या आकड्यात दिसत नाही.

मग साठा मोजायचा कसा? जुन्या वाड्यांत धान्याची पेवं असायची. वरून जमीन सपाट, आत किती ज्वारी उरली ते उतरल्याशिवाय कळायचं नाही. शरीरातल्या लोहाचं तसंच होतं. पूर्वी अस्थिमज्जेत सुई घालून, नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागे.

ही सुई टाळण्याची वाट एका प्रथिनातून निघाली. ब्रनो शहरातल्या विलेम लाउफबर्गर यांनी 1937 साली घोड्याच्या प्लीहेतून एक प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव फेरिटिन. 24 तुकडे जोडून झालेला हा पोकळ गोळा, आणि त्याच्या पोटात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. मोकळं लोह पेशीला घातक असतं, ते इथे कोंडून ठेवलेलं बरं. हे प्रथिन पेशीच्या आत राहणारं, रक्तात त्याचं काय काम? पण 1972 साली कार्डिफमधल्या संशोधकांनी किरणोत्सर्गी खूण लावलेल्या प्रतिपिंडांच्या मदतीने निरोगी माणसांच्या रक्तातही ते मोजून दाखवलं. प्रमाण अगदी क्षुल्लक, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. विशेष म्हणजे रक्तातल्या या फेरिटिनमध्ये लोह जवळजवळ नसतंच. ते बाहेर का येतं, याचं पूर्ण उत्तर शास्त्राला अजून मिळालेलं नाही. पण आतला साठा आणि हा बाहेर आलेला अंश यांचं प्रमाण मात्र पक्कं निघालं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे साठ्यात साधारण आठ मिलिग्रॅम लोह. रिपोर्टवर 100 असेल तर आत 800 मिलिग्रॅमच्या आसपास, 10 असेल तर जेमतेम 80. हाडात सुई न घालता, दंडाच्या शिरेतल्या चमचाभर रक्तावरून यकृताच्या पोटातला साठा कळतो. मला ही गोष्ट जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा थक्क करते.

आकडा हाती आला तरी तो वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात निरोगी मोठ्या माणसाचं फेरिटिन 15 च्या खाली गेलं की लोहाची कमतरता. खेळाडूंचे डॉक्टर मात्र 30-35 च्या खालीच सावध होतात. आणि फेरिटिन फसवतंही. ताप, जखम, संसर्ग यांत ते उगाच वाढतं. कसून केलेल्या सरावानंतरही काही दिवस वाढलेलं राहू शकतं. पेव रिकामं असूनही रिपोर्ट भरलेला दिसतो. म्हणून सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी चाचणी करतात.

हिमोग्लोबिन उलट बाजूने फसवतं. नियमित सरावाने रक्तातला पातळ द्रव वाढतो, तांबड्या पेशी तेवढ्याच राहतात आणि लिटरमागचा आकडा उतरतो. शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन कमी झालेलं नसतं, उलट पातळ झालेलं रक्त सहज धावतं. हा खेळाडूंचा खोटा रक्तक्षय. फेरिटिन पाहिलं नाही तर तो खऱ्या रक्तक्षयापासून वेगळा ओळखता येत नाही.

ट्रान्सफेरिन किती टक्के भरलंय तेही पाहतात. 16 टक्क्यांच्या खाली गेलं तर अस्थिमज्जेला लोह पुरत नाही असं समजतात. त्याहून मला आवडतं ते रेटिक्युलोसाइटचं हिमोग्लोबिन. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या, एक-दोन दिवसांच्या तांबड्या पेशी. सबंध रक्तातल्या पेशी गेल्या चार महिन्यांत भरल्या गेलेल्या असतात, त्यांची सरासरी जुनी गोष्ट सांगते. या तान्ह्या पेशी मात्र परवा-तेरवा कारखान्यात लोह होतं की नव्हतं ते सांगतात. गोळ्या लागू पडताहेत का, हे त्यांच्यावरून आठवडाभरात कळू शकतं.

या सगळ्यामागचा कारभारी मात्र या शतकाच्या आरंभीच सापडला. यकृतात बनणारा हेप्सिडिन हा अवघ्या 25 अमिनो आम्लांचा संप्रेरक आतड्यातून रक्तात लोह सोडणारं दार बंद करतो. दाह झाला की तो वाढतो, कारण जंतूंनाही लोह लागतं आणि ते त्यांना मिळू नये. आता गंमत पाहा. कसून धावणंही शरीराला थोड्या दाहासारखंच वाटतं. व्यायामानंतर तीन ते सहा तासांत हेप्सिडिन चढतो आणि दार बंद होतं. पहाटे मैदान गाजवून आलेली मुलगी दुपारी बाजरीची भाकरी आणि पालेभाजी जेवते, ती नेमकी दार बंद असताना. पण सरावानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात दार अजून उघडं असतं, आणि धावपटूंवरच्या एका अभ्यासात सकाळच्या व्यायामानंतर लगेच घेतलेलं लोह सगळ्यात चांगलं शोषलं गेलं. म्हणजे तेव्हा लिंबू पिळलेले पोहे किंवा आवळा खावा आणि चहा तासभर मागे ढकलावा. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं.

गोळ्यांचंही तसंच. झ्यूरिकच्या संशोधकांनी दाखवलं की एक मोठी गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर चढलेला राहतो, दुसऱ्या दिवशीची गोळी मग बरीचशी फुकट जाते. दिवसाआड घेतली तर गोळीतला जास्त भाग अंगी लागतो.

आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो, हे मुंबईनेच जगाला शिकवलं. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर 1928 साली इथे आली आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. त्यांच्या तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बाया बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. म्हणून सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या चाचणीत, पेशीचा आकार दाखवणारा एमसीव्हीचा आकडा आधी पाहावा. तो लहान असूनही फेरिटिन भरपूर असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलही बराच आढळतो, तिथल्या मुलीची हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी एकदा तरी व्हायला हवी.

अंदाजाने गोळ्या सुरू करण्यातला धोका इथेच आहे. शरीराला लोह आत घ्यायला दार आहे, नको असलेलं बाहेर टाकायला वेगळी वाट नाही. जास्तीचं लोह यकृतात, हृदयात साचत जातं. म्हणून आधी तपासणी. त्यासाठी रक्त द्यायचं ते सकाळी, आदल्या दिवशी जोरकस सराव न करता, पुरेसं पाणी पिऊन आणि ताप-सर्दी नसताना. सीबीसी, फेरिटिन, ट्रान्सफेरिनची टक्केवारी आणि सीआरपी एकाच वेळी. उपचार सुरू झाले की आठ ते बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा. मुलीचा आकडा तिच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा, कारण 40 चं फेरिटिन जिचं आधी 90 होतं तिच्या बाबतीत एक सांगतं आणि जिचं आधी 18 होतं तिच्या बाबतीत वेगळंच.