नागपूरची खोली आणि कपड्यांचे गाठोडे

२०२३ साली पांढुर्णा जिल्ह्याचे ठिकाण झाले. तरी शिक्षण-नोकरीसाठी आपली मुले नागपूरची गाडी धरतातच. तेथे भाडे झेपेल अशी खोली मिळाली, की आम्ही समाधान मानतो. धुण्याची सोय विचारावयाची मात्र राहून जाते. मग सुटीला मळक्या कपड्यांचे गाठोडे घरी येते आणि भाड्यात वाचलेले पैसे आईच्या कष्टांतून वळते होतात. म्हणून जागा पाहतानाच नळाची वेळ, घरातील मोरी, धुलाईयंत्रासाठी तोटी व निचरा, वाळत घालण्यास गच्ची एवढे पाहून घ्यावे. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असल्यास साबणाला फेस येत नाही, हेही ध्यानी असावे. अशी जागा थोडी महाग पडली, तरी ते भाडे आम्ही वाजवीच म्हणू. आणि न मिळालीच, तर गाठोडे मुलाने स्वतः धुवावे.